पेन्सिलीतल्या नोंदी : मोडलेल्या डेबियनच्या दुरुस्तीचा इतिहास

जुन्या पद्धतीच्या तलाठी दप्तरात जमिनीचा व्यवहार झाला की फेरफाराची नोंद होई आणि सातबाऱ्यावर ती आधी पेन्सिलीने लिहिली जाई. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला की मग शाई. मधल्या काळात जमीन कोणाची, या प्रश्नाला दप्तर प्रामाणिक उत्तर देत असे : व्यवहार सुरू आहे, पुरा झालेला नाही. संगणकाच्या जगात अशी पेन्सिल कोणी आणली, का आणली आणि तिच्यामुळे काय वाचले, हा या लेखाचा विषय आहे.

लिनक्स या नावाने आपण जी कार्यप्रणाली ओळखतो ती एकसंध वस्तू नाही. जगभरच्या वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या हजारो लहानमोठ्या प्रोग्रामांची ती मोट आहे. प्रत्येक प्रोग्राम एका गाठोड्यात बांधून येतो. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. त्यात प्रोग्रामच्या फाइली असतात आणि एक चिठ्ठी असते : मला चालायला अमुक पॅकेज लागते, तमुकशी माझे पटत नाही. ही गाठोडी आणणे, सोडणे, जागच्या जागी लावणे, नको झाली की काढणे आणि या सगळ्याचा हिशेब ठेवणे, हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे पॅकेज व्यवस्थापक.

तो मोडतो तेव्हा जे घडते ते इतर बिघाडांपेक्षा वेगळे असते. संगणक चालू असतो. पत्र लिहिता येते, छापता येते. पण नवे काही बसवता येत नाही, जुने काढता येत नाही, सुरक्षेची दुरुस्ती आली तरी ती लावता येत नाही. जमीन जागेवर असते, दप्तर फाटलेले असते. अशी यंत्रे गेली अनेक वर्षे माझ्याकडे दुरुस्तीला येत आली आहेत, आणि त्या निमित्ताने मी डेबियन या लिनक्स-वितरणाची धोरण-पुस्तिका, त्याच्या साधनांची माहितीपत्रे आणि बदलांच्या याद्या वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझे एक मत तयार झाले. डेबियन मोडले तरी बहुधा दुरुस्त करता येते, याचे श्रेय नंतर निघालेल्या हुशार साधनांना फार थोडे आहे. ते मोडणारच, हे त्याच्या कर्त्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच धरून ठेवले होते आणि नोंदीच्या भाषेतच तशी सोय करून ठेवली होती.

दप्तर नव्हते तेव्हा

१९९२ मध्ये पीटर मॅकडोनाल्ड यांनी एसएलएस नावाचे लिनक्सचे वितरण काढले. त्याच्या आधारावर जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांचे स्लॅकवेअर आले. या वितरणांत गाठोडी होती, पण कोणाला कोण लागते हे सांभाळणे वापरणाऱ्याच्या डोक्यावर होते. एक प्रोग्राम बसवावा, तो सुरू होऊ नये, मग कळावे की त्याला लागणारे ग्रंथालय आपल्याकडे नाहीच. ग्रंथालय म्हणजे अनेक प्रोग्रामांनी वाटून वापरायचा सामायिक कोड.

अमेरिकेत इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा इयन मर्डॉक तेव्हा २० वर्षांचा होता. एसएलएसमधल्या चुकांना आणि तिच्या हेळसांडीला तो वैतागला होता. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने नव्या वितरणाची घोषणा केली. मैत्रीण डेब्राचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने त्याला ‘डेबियन’ म्हटले. त्याची कल्पना अशी की वितरण एकट्याने बांधायचे नाही, प्रत्येक पॅकेजची जबाबदारी एकेका माणसाने घ्यायची.

इथेच दप्तराची गरज निर्माण झाली. एकाच माणसाने सगळे बांधले असते तर हिशेब त्याच्या डोक्यात राहिला असता. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे आपापली गाठोडी बांधणार, म्हणजे सर्वांना समजेल असा नमुना हवा. जानेवारी १९९४ मध्ये मर्डॉकने एक साधी स्क्रिप्ट लिहिली. मॅट वेल्श आणि कार्ल स्ट्रीटर यांच्या साथीने ती पर्ल भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्याच वर्षी केंब्रिजच्या इयन जॅक्सनने तिचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने रचला. हाच ‘डीपीकेजी’. जून १९९६ मध्ये डेबियन १.१ बाहेर पडले तेव्हा त्यात ४७४ पॅकेजे होती. आज ती ६०,००० च्या पुढे आहेत, आणि खाली हिशेब ठेवणारा अजून डीपीकेजीच आहे.

‘अर्धवट’ हा शब्द

डीपीकेजीचे दप्तर म्हणजे ‘स्टेटस’ नावाची एक फाइल. ती साध्या मजकुराची आहे. कोणत्याही संपादकात उघडावी आणि वाचावी. प्रत्येक पॅकेजचा एक परिच्छेद, त्यात नाव, आवृत्ती, कोणावर अवलंबून आणि सध्याची अवस्था. या अवस्थांची नावे पाहण्यासारखी आहेत. ‘बसवलेले’ आणि ‘न बसवलेले’ ही दोन टोके कोणालाही सुचली असती. डीपीकेजीने मधल्या पायऱ्यांनाही नावे दिली : गाठोडे सोडले आहे पण जुळवणी व्हायची आहे; जुळवणी अर्धवट राहिली; बसवणेच अर्धवट राहिले; पॅकेज काढले पण त्याच्या मांडणीच्या फाइली मागे आहेत.

या मधल्या अवस्था म्हणजे पेन्सिलीतल्या नोंदी. काम सुरू करण्याआधी डीपीकेजी लिहून ठेवतो की हे पॅकेज आता अर्धवट आहे. काम तडीस गेले की मग ‘बसवलेले’ लिहितो. वाटेत वीज गेली तर परत आल्यावर दप्तर खोटे बोलत नाही. पडद्यावर संदेश येतो की डीपीकेजीचे काम मध्येच थांबले होते, ते तुम्ही हाताने पुरे करायला हवे. सोबत त्यासाठीचा आदेशही दिलेला असतो. नवख्या माणसाला हा संदेश भीतिदायक वाटतो. मला तो नेहमी दिलासा देणारा वाटत आला आहे, कारण कुठवर आलो होतो हे यंत्राला ठाऊक आहे, असे तो सांगतो.

या एका शब्दाच्या पाठीशी बरीच व्यवस्था आहे. चालू बदल आधी लहान लहान तुकड्यांत वेगळ्या जागी टिपले जातात आणि नंतर मुख्य फाइलीत मिसळले जातात. आधीची फाइल ‘स्टेटस-ओल्ड’ या नावाने राहते. शिवाय रोजची एक प्रत वेगळ्या निर्देशिकेत ठेवली जाते. प्रत्येक पॅकेजसोबत बसवण्याच्या आधी, नंतर, काढण्याच्या आधी, नंतर चालायच्या छोट्या स्क्रिप्ट येतात. त्यांच्याबाबत डेबियनची धोरण-पुस्तिका एक नियम घालते : स्क्रिप्ट अर्ध्यावर तुटली आणि पुन्हा पहिल्यापासून चालवली, तरी नुकसान होता कामा नये. प्रत्येक पायरी फसली तर मागे कसे यायचे, त्यासाठी कोणत्या स्क्रिप्टला कोणत्या शब्दाने हाक मारायची, हेही तिथे लिहिलेले आहे. पॅकेज बांधणाऱ्या प्रत्येकावर हा नियम आहे. म्हणजे दुरुस्तीचे निम्मे काम बिघाडाच्या आधीच, कोण्या अनोळखी माणसाने करून ठेवलेले असते.

कुलपाची किल्ली कुलपाच्या आत

पॅकेज व्यवस्थापकाच्या बाबतीत एक पेच मुळातच आहे. तो स्वतःही एक पॅकेजच असतो. तोच नाहीसा झाला तर त्याला बसवणार कोण?

डेबियनच्या गाठोड्याच्या रचनेत याचे उत्तर आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ठरलेली ही रचना अशी : बाहेरची पिशवी ‘एआर’ या पद्धतीची, आत एक छोटी फाइल आवृत्तीचा आकडा सांगणारी, आणि दोन ‘टार’ गाठोडी, एकात चिठ्ठ्या व स्क्रिप्ट, दुसऱ्यात खऱ्या फाइली. एआर हे साधन युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनचे, टार १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासूनचे. म्हणजे डीपीकेजी पुसला गेला तरी त्याचे गाठोडे दुसऱ्या यंत्रावरून आणून या दोन जुन्या हत्यारांनी सोडता येते आणि फाइली जागी ठेवता येतात. वैद्य आजारी पडला तर घरच्या काढ्याने तो उठून बसावा, मग बाकीचे उपचार त्याचे त्याने करावेत, तशातली ही सोय.

याच वृत्तीचे दुसरे उदाहरण बिझीबॉक्स. पुढे डेबियनचे नेतृत्व करणाऱ्या ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतले. बसवायला आणि संकटात वापरायला उपयोगी पडेल अशी पुरी प्रणाली एका फ्लॉपीवर मावावी, म्हणून नेहमी लागणारी हत्यारे त्यांनी एकाच लहान प्रोग्रामात कोंबली.

तुलनेसाठी रेड हॅटच्या घराण्याकडे पाहावे. तिथे १९९५ पासून आरपीएम आहे. त्याचे दप्तर साध्या मजकुराचे नव्हते, बर्कली डीबी या पद्धतीच्या बंदिस्त फाइलींत होते. ते वेगवान होते, पण बिघडले तर डोळ्यांनी वाचून काही कळत नसे. मूळ नोंदींवरून सूच्या नव्याने बांधणारा एक खास आदेश त्यासाठी होता, आणि तो अनेकांना तोंडपाठ होता. २०२० मध्ये फेडोरा ३३ ने ते दप्तर एसक्यूलाइटमध्ये नेले. आरपीएमच्या वर काम करणारा ‘यम’ हा व्यवस्थापक पायथन भाषेत लिहिला होता. कोणी प्रणालीतला पायथन बदलला की यमचीच बोलती बंद होई आणि पायथन पूर्ववत करायला यम लागे. सुटका होई ती खालच्या आरपीएममुळे, कारण ते सी भाषेत होते, पायथनवर उभे नव्हते.

१९९८ : पायाच बदलताना

या साऱ्या तयारीची खरी परीक्षा डेबियन २.० च्या वेळी झाली. २४ जुलै १९९८ रोजी आलेल्या या आवृत्तीत सी भाषेचे मूळ ग्रंथालय बदलले, पाचव्या आवृत्तीचे जाऊन सहावे आले. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम या ग्रंथालयावर उभा असतो. घरात माणसे राहत असताना पाया बदलण्याचे हे काम. आदेश घेणारा बॅश, त्याला लागणारी ग्रंथालये, आणि खुद्द डीपीकेजी, यांचा क्रम चुकला तर बॅश उठत नाही, आणि बॅश नसेल तर पॅकेजांच्या स्क्रिप्ट चालत नाहीत.

क्रम चुकू नये म्हणून ‘ऑटोअप’ नावाची स्क्रिप्ट वाटली गेली. ती मोजकी नाजूक पॅकेजे नेमक्या क्रमाने बसवून देई, आणि पुढचे काम नेहमीच्या साधनांकडे सोपवी. हा क्रम माणसाने लक्षात ठेवायचा नसून यंत्राने काढायचा असतो, हा धडा त्या काळाने पक्का केला. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर ‘ॲप्ट’ आले. कोणाला काय लागते ते शोधून, सगळे आणून, योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हाती देणे हे त्याचे काम. मोडलेली अवलंबने जुळवण्याचा प्रयत्न करणारा आदेशही त्यात होता.

मात्र या जुळवणीला एक मर्यादा आहे. २००६ मध्ये फ्रान्समधील रोबेर्तो दी कोस्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दिलेल्या भांडारातून एखादे पॅकेज बसवता येईल की नाही, हा प्रश्न गणिताच्या भाषेत एनपी-पूर्ण आहे. म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी पद्धत कोणाला ठाऊक नाही. व्यवहारात उत्तर बहुधा लवकर मिळते. पण कधी कधी यंत्र भलताच तोडगा सुचवते, आणि तो वाचायला माणूस लागतो.

भारनियमनाच्या दिवसांत

हा इतिहास आपल्याकडे पोचला तो सीडीवरून. सामान्यांसाठी इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, पण टेलिफोनच्या तारेवरून शेकडो मेगाबाइट उतरवणे कोणाच्या आवाक्यात नव्हते. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येत. पुढे डेबियनवर आधारलेले उबुंटू निघाले, आणि त्याच्या सीडी मागणी केली की पोस्टाने फुकट घरी येत. जे गाठोडे सीडीवर नाही ते आपल्याकडे नाही, असा तो काळ.

२००९ च्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाने मला बोलावले. प्रयोगशाळेतल्या मुख्य संगणकावर नव्या पॅकेजांची भरती चालू असताना भारनियमनाची वेळ झाली, इन्व्हर्टर तासाभरात बसला आणि यंत्र मध्येच बंद पडले. विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्याच यंत्रावर होते, प्रात्यक्षिक परीक्षा चार दिवसांवर होती, आणि परीक्षेला लागणारा एक प्रोग्राम बसायचा राहिला होता. सगळे पुसून नव्याने बसवा, असा सल्ला तिथे आधीच कोणीतरी दिला होता. प्रकल्पांच्या प्रती कोणाकडे नव्हत्या.

स्टेटस फाइल उघडली तर मधल्या काही ओळींच्या जागी अगम्य चिन्हे होती. रोजची प्रत पाहिली, ती आदल्या दिवशीची आणि धड होती. ती जागेवर ठेवली. आता दप्तर एक दिवस मागे होते. डीपीकेजीची एक रोजनिशीही असते. कोणत्या मिनिटाला कोणते पॅकेज कोणत्या अवस्थेत गेले ते तीत ओळीने लिहिलेले असते. ती वाचून मधल्या दिवसात काय काय हलले त्याची यादी केली : अकरा पॅकेजे. त्यांतल्या तिघांच्या, कोणत्या फाइली कुठे ठेवल्या हे सांगणाऱ्या याद्या रिकाम्या झाल्या होत्या. गावात इंटरनेट रांगत चालणारे. पण ॲप्ट तेव्हा आणलेली गाठोडी लगेच टाकून देत नसे, ती एका निर्देशिकेत साठलेली असत, आणि अकराही तिथे सापडली. रिकाम्या याद्या बाजूला केल्या, ती अकरा पॅकेजे पुन्हा बसवली, अर्धवट राहिलेल्यांची जुळवणी पुरी करण्याचा आदेश दिला. दुसऱ्यांदा वीज जायच्या आत काम झाले. प्रकल्पांच्या फाइलींना हात लागला नाही.

यात माझे कसब फार नव्हते. प्रत, रोजनिशी, साठा आणि पुन्हा चालवता येणाऱ्या स्क्रिप्ट, हे सगळे तिथे आधीपासून होते. भारनियमन ठाऊक नसलेल्या माणसांनी ते ठेवले होते, पण काम मध्येच तुटते हे त्यांना ठाऊक होते.

रिकाम्या फाइलींचा तो प्रश्न त्या सुमारास जगभर गाजत होता. एक्स्ट४ ही नवी फाइलव्यवस्था वेगासाठी मजकूर तबकडीवर उशिरा उतरवत असे. मध्ये वीज गेली तर नाव राहायचे, मजकूर नसायचा. मग डीपीकेजीने आधी मजकूर तबकडीवर उतरल्याची खात्री करायची आणि नंतरच फाइलीला तिचे नाव द्यायचे, अशी शिस्त वाढवली. त्यामुळे तो मंदावला, लोकांनी कुरकूर केली, आणि ही खात्री बंद करणारे साधनही निघाले. वेग हवा की भरवसा, हा वाद डेबियनमध्ये त्या निमित्ताने उघड झाला.

दुरुस्ती की बदली

२०२१ मध्ये एक वेगळा धडा मिळाला. कॅनडातील एका लोकप्रिय तंत्रविषयक वाहिनीच्या सूत्रधाराने उबुंटूवर आधारलेल्या एका वितरणावर खेळांचा प्रोग्राम बसवायला घेतला. त्या वेळी त्या पॅकेजच्या अवलंबनांत गफलत होती, आणि ॲप्टने काढलेला तोडगा असा की पडद्यावरचे सारे काम चालवणारी पॅकेजेच काढून टाकायची. ॲप्टने इशारा दिला आणि ‘हो, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे पूर्ण वाक्य टंकायला सांगितले. त्याने ते टंकले. पडदा काळा झाला. हजारोंनी ते पाहिले. त्यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनी वाक्य टंकून घेण्याची ही पद्धत मोडीत काढली, अत्यावश्यक पॅकेज काढायचे तर मुद्दाम वेगळी सूचना द्यावी लागेल असे केले. इशारा लिहिला म्हणजे तो वाचला जातो, हे गृहीतक टिकले नाही.

दरम्यान दुसरी विचारधारा रुजली. नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा याने २००३ पासून ‘निक्स’ बांधले, आणि २००६ च्या प्रबंधात त्याची मांडणी केली. तिथे जुने पॅकेज बदलतच नाहीत. नवे त्याच्या शेजारी उभे करतात, आणि पुरे झाले की बोट नव्याकडे वळवतात. बिघडले तर बोट पुन्हा जुन्याकडे. क्रोमबुक आणि पुढे अँड्रॉइड फोन यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले : प्रणालीच्या दोन प्रती, एक चालू, दुसरीवर भरती. अर्धवट अवस्था वापरणाऱ्याला दिसतच नाही.

ही प्रगती आहे, यात शंका नाही. त्या तालुक्याच्या गावी असे यंत्र असते तर मला कोणी बोलावलेच नसते. पण फोनमधली दुसरी प्रतही बिघडली, तर आपल्या हाती वाचण्याजोगे दप्तर नसते. तेव्हा आपण दुकानदाराकडे जातो, तो सगळे पुसून देतो, नाहीतर नवा फोन दाखवतो. डेबियनच्या दप्तरात दुरुस्ती जमते ती तीन गोष्टींमुळे : ते माणसाला वाचता येते, ते जुन्या साध्या हत्यारांनी उघडते, आणि जे पुरे झाले नाही ते पुरे झाले असे ते म्हणत नाही. नव्या रचनांनी तिसऱ्या गोष्टीची गरज कमी केली. पहिल्या दोन सोडून द्यायचे मात्र काही कारण नव्हते, आणि निक्सने त्या बऱ्याच अंशी सांभाळल्याही आहेत. बंदिस्त उपकरणांत त्या गेल्या, त्या तंत्राच्या गरजेपोटी नव्हे, विक्रीच्या सोयीपोटी, असे माझे मत आहे.

इयन मर्डॉक २८ डिसेंबर २०१५ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी वारला. डेबियनची सूत्रे त्याने १९९६ मध्येच इतरांकडे सोपवली होती. डेबियनच्या कुठल्याही यंत्रावर आज स्टेटस फाइल उघडली तर पॅकेजांचे परिच्छेद त्याच जुन्या ठेवणीत दिसतात. बहुतेकांपुढे ‘बसवलेले’ असते. एखाद्यापुढे ‘अर्धवट’ दिसले तर घाबरू नये. तिथे शाई अजून लागलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.